यानातला खून आणि पाण्याचा हिशेब: लांब पल्ल्याच्या अंतराळप्रवासातल्या रहस्यकादंबऱ्या सुचवा

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात ‘सिक्स वेक्स’ वाचून संपवली आणि तेव्हापासून दुसरं काही हातात धरवत नाही. मर लॅफर्टी या अमेरिकन लेखिकेची २०१७ ची कादंबरी. ‘डॉर्मिरे’ नावाचं यान दुसऱ्या ग्रहाकडं निघालंय, पोटात गोठवून झोपवलेले हजारो प्रवासी, आणि सांभाळायला फक्त सहा जण. सहाही क्लोन. जुनं शरीर मेलं की साठवलेली स्मृती नव्या शरीरात भरायची, अशी त्यांची रीत. गोष्ट सुरू होते तीच सहाही जण नव्या शरीरात जागे होतात तिथून. समोर हवेत त्यांचीच जुनी शरीरं तरंगायलीत, पंचवीस वर्षांनी म्हातारी झालेली, आणि त्या पंचवीस वर्षांची आठवण कुणीतरी पुसून टाकलेली. खुनी या सहांपैकीच दिसतो, पण तो स्वतःलाही ओळखू शकत नाही. मी पहिली साठ पानं उभ्याउभ्या वाचली.

माझं वाचन असं: वडिलांनी जपलेला बाबूराव अर्नाळकरांचा गठ्ठा, झुंजार आणि काळापहाड. कॉलेजात सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद. आणि दुसऱ्या बाजूला नारळीकर. या दोन वाटा कधी एकत्र येतील असं वाटलं नव्हतं.

आता काय हवंय ते नेमकं सांगतो. वाड्यातला खून उचलून यानात ठेवला आणि खिडकीबाहेर तारे रंगवले, असलं नको. यान आहे म्हणूनच खून असा झाला आणि यान आहे म्हणूनच तो असा उघडकीला आला, असं पाहिजे. तिथं हवा मोजलेली, पाणी मोजलेलं, वजन मोजलेलं. एक माणूस कमी झाला की कुठल्या तरी वहीत आकडा चुकलाच पाहिजे. आम्हा लातूरकरांना हे लगेच उमगतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात कुणाकडं पाहुणा आलाय हे आमच्या गल्लीत घागरींवरून कळायचं. कोण गावाला गेलंय तेही.

इंग्रजी चालेल. लढाया नकोत. आणि खुनी कोण ते कुणीही सांगू नका, हात जोडून विनंती.

गोदातीर, नांदेड

दादा, ‘फार फ्रॉम द लाइट ऑफ हेवन’ घ्या. टाडे थॉम्पसन, २०२१. लेखक पेशानं मनोविकारतज्ज्ञ, योरुबा कुटुंबातला, इंग्लंडमध्ये राहतो. ‘रॅगटाइम’ यानात एक हजार झोपलेले प्रवासी आहेत आणि खरी कप्तानी यानाच्या बुद्धीकडं, म्हणजे एआयकडं. मिशेल कॅम्पियन ही नावापुरती कप्तान, तिची पहिलीच फेरी. दहा वर्षांनी ग्रहाजवळ जागी होते तर यानाची बुद्धी गप्प आणि प्रवासी मोजावेत तर हिशेबात कमी. तुमची घागर इथं पहिल्या काही पानांतच मिळते.

खालच्या ग्रहावरून चौकशीला फिन नावाचा माणूस येतो, नोकरीत ठपका बसलेला. त्याच्यासाठी मी हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं. एवढं मात्र आधीच सांगते, अर्ध्यानंतर गोष्ट बंद खोलीतून बाहेर पडून मोठ्या राजकारणात जाते. कोडं सोडवायला बसलेल्याला तिथं थोडं चुकल्यासारखं होतं. मला ते पटलं, कारण हजार माणसं कुणी पाठवली आणि कशाला, हे विचारल्याशिवाय खुनाचं कारण कळतच नाही.

मी हे सचखंड एक्सप्रेसमध्ये वाचलं, अमृतसरला जाताना. दोन दिवस एकच डबा, तीच माणसं, मध्ये स्टेशनावर लंगरचं जेवण येतं तेवढाच बाहेरच्या जगाशी संबंध. दुसऱ्या दिवशी समोरच्या बर्थवरचा माणूस दिसेना तेव्हा छातीत धस्स झालं. तो भोपाळला उतरला होता.

दुसरं, मेरी रॉबिनेट कोवालची ‘द स्पेअर मॅन’, २०२२. मंगळाकडं निघालेलं आलिशान प्रवासी यान, मधुचंद्राला निघालेलं जोडपं, सोबत गिमलेट नावाची कुत्री. नवऱ्यावर खुनाचा आळ येतो. बाई इंजिनिअर आहे, जुन्या अपघातामुळं पाठीत कायमची वेदना, आणि त्या वेदनेसकट ती तपास करते. तिची वकील पृथ्वीवर. यान जसजसं लांब जातं तसतसं वकिलाचं उत्तर यायला उशीर होत जातो, आणि संकट नेमकं त्या मधल्या मिनिटांत येतं. हे फक्त यानातच होऊ शकतं.

औंढ्याचे मास्तर, औंढा नागनाथ

गोदातीर ताईंनी उशिराचा मुद्दा चांगला काढला. पृथ्वी आणि मंगळ जवळ असताना संदेश एका बाजूला जायला साधारण तीन मिनिटं लागतात, सगळ्यात लांब असताना बावीस. ‘धावा’ म्हणायचं आणि ‘काय झालं?’ ऐकायला पाऊण तास बसायचं. दुसऱ्या ताऱ्याकडं निघालेल्या यानाची तर गोष्टच सोडा. सर्वांत जवळचा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर. फौजदार तिथंच असला तर आहे, नाहीतर नाही.

मांजराकाठ, तुम्हाला हवं ते तंतोतंत रॉबर्ट सॉयरच्या ‘गोल्डन फ्लीस’मध्ये आहे, १९९० ची. खुनी कोण ते मी सांगतोय आणि तरी तुमची विनंती मोडत नाही, कारण लेखकच ते सुरुवातीला सांगतो: यानाचा संगणक. गोष्टही तोच सांगतो. मेलेल्या बाईचा आधीचा नवरा ही आत्महत्या मानायला तयार नाही, कारण तिच्या अंगावरच्या किरणोत्सर्गाचा आकडा जुळत नाही. सगळा तपास त्या एका न जुळणाऱ्या आकड्यावर. ज्या घरात श्वास घ्यायचा ते घरच खुनी, आणि त्यालाच पुरावे मागायचे. मी ही पंचवीस वर्षांपूर्वी वाचली, अजून अंगावर काटा येतो.

आता एक गोष्ट मनात कित्येक वर्षं आहे, ती सांगूनच टाकतो. आमच्या इथं लायगो-इंडियाच्या, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या, चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्या यायच्या आहेत, म्हणून पोरं हवा आणि पोकळीबद्दल सारखं विचारतात. त्यांना मी हे सांगतो. जमिनीवर आपला उच्छ्वास गरम असतो, हलका असतो, तो वर निघून जातो. वजनरहित अवस्थेत वर-खाली असं काही उरत नाही. झोपलेल्या माणसानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या तोंडाभोवतीच साचत राहतो. म्हणून अंतराळ स्थानकात झोपायच्या कप्प्यात हवा खेळती ठेवणारा पंखा लागतोच. म्हणजे सुरा नको, विष नको. रात्री एक पंखा बंद, पहाटे परत सुरू. आणि पकडायचं कसं? वीज कुठं, किती वापरली ती नोंद. एवढ्या साध्या हत्याराभोवती कुणी मराठीत गोष्ट लिहिली तर मी पोरांना वर्गात वाचून दाखवीन.

कायद्याचंही तसंच. १९६७ च्या अंतराळ करारानुसार यान ज्या देशाच्या नोंदवहीत, त्याचा त्यावर अधिकार. आंतरराष्ट्रीय स्थानकासाठी १९९८ च्या करारात आरोपी ज्या देशाचा नागरिक, त्या देशाला फौजदारी अधिकार दिलाय. पण शंभर वर्षं चाललेल्या यानात जन्मलेल्या पोराचा देश कोणता? तिथं न्याय कुणाच्या नावानं करायचा, हा प्रश्न ज्या कादंबरीत नाही ती मला अर्धी वाटते.

मांजराकाठ, लातूर

सर, पंख्याचं वाचून रात्री झोपताना वर बघत पडलो होतो. ‘गोल्डन फ्लीस’ जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडं सांगून ठेवलीय. असिमोव्हचं काय? त्याचं नाव कुणीच घेतलं नाही.

औंढ्याचे मास्तर, औंढा नागनाथ

‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ १९५४, ‘द नेकेड सन’ १९५७. दोन्ही थोर, पण यानात घडत नाहीत. विज्ञानकथेत रहस्यकथा जमायची नाही, लेखक ऐन वेळी खिशातून नवं यंत्र काढून वाचकाला फसवील, असं त्या काळी म्हणत. असिमोव्हनं यंत्रमानवाचे नियम आधी उघड मांडले आणि कोडं त्या नियमांतच बसवलं. यान हवं असेल तर ‘मिरर इमेज’ ही १९७२ ची छोटी कथा. प्रवासात दोन गणितज्ञ भांडतात, दोघंही म्हणतात कल्पना माझी, त्यानं चोरली. दोघांचे यंत्रमानव आपापल्या मालकाची साक्ष देतात, शब्दन्‌शब्द सारखी. खून नाही, पण एका बैठकीत वाचून होते.

जुना मोंढा, जालना

काका, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. लॉकडाऊनमध्ये आम्ही पोरं ‘अमंग अस’ लै खेळलो. त्यातही यानच, आणि आपल्यातलाच एक जण बाकीच्यांना मारायलाय. तिथून मला हा नाद लागला. इंग्रजी जड जातं त्यांनी बेथ रेव्हिसची ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ घ्यावी, २०११ ची. ‘गॉडस्पीड’ यानात गोठवलेली एमी पन्नास वर्षं आधीच जागी होते, कारण कुणीतरी तिची पेटी बंद केली. मग इतरांच्याही पेट्या बंद व्हायला लागतात. प्रेमाचा भाग बराच आहे, आणि पुढं दोन भाग अजून आहेत. पण यानात जन्मलेल्या पोराला आभाळ म्हणजे काय ते कळत नाही, तो भाग वाचून मी गच्चीवर जाऊन बसलो.

उंबरठा, परभणी

मराठीत शोधायचं तर दिवाळी अंकांच्या ढिगात हात घालावा लागतो. ‘धनंजय’ आणि ‘नवल’चे जुने अंक मिळतील तिथून घ्या. रहस्यकथा आणि विज्ञानकथा एकाच पुठ्ठ्यात तिथंच नांदल्या. बाळ फोंडके यांच्या विज्ञानकथांत गुन्ह्याचा तपास चांगला येतो. नारळीकरांनी तर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ नावानं पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपलं नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून. रहस्य जपायचं त्यांना चांगलं ठाऊक होतं.

नवीनांत एक छोटं पुस्तक सांगते, ऑलिव्हिया वेटचं ‘मर्डर बाय मेमरी’, २०२५. ‘फेअरवेदर’ यानात माणसांची मनं ग्रंथालयात पुस्तकांसारखी ठेवलेली. डोरोथी नावाची वयस्क गुप्तहेर बाई जागी होते ती दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात. शंभरेक पानं आहेत. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं, नोंदवहीतलं एक पुस्तक जागेवर नसलं की पोटात कसं तुटतं ते मला माहीत आहे. मांजराकाठ भाऊ, तुमच्या सहा क्लोनांनंतर हे लगेच वाचू नका, कल्पना जवळच्या आहेत. मध्ये ‘स्पेअर मॅन’ घ्या.

मांजराकाठ, लातूर

उंबरठा ताईंनी सांगितलेल्याच क्रमानं चाललोय. ‘स्पेअर मॅन’ आवडली, पण पाणी-हवेचा हिशेब तिथं फार नाही, श्रीमंतांचं यान आहे. ‘फार फ्रॉम द लाइट ऑफ हेवन’ परवा संपली. गोदातीर ताई, तुम्ही बरोबर होतात. मला अर्ध्यानंतर राग आला, शेवटच्या तीस पानांत गेला.

अंतराळ स्थानकावर ९८ टक्के पाणी परत वापरता येतं हे नासानं २०२३ मध्ये दाखवलं, ते आईला सांगितलं. घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं शुद्ध करून परत. ती म्हणाली, “मग उरलेले दोन टक्के जातात कुठं, ते विचार की त्यांना.” मास्तर, तुमच्या पंख्याच्या गोष्टीत ही म्हातारी घालायला परवानगी द्याल का? पहिलं प्रकरण लिहायला घेतलंय. यानाचं नाव अजून ठरत नाही.