‘वर्गातला पडदा बाहेर काढा’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

तिसरीच्या बाई

‘चौथीपर्यंतच्या वर्गात पडदा, म्हणजे टॅब-प्रोजेक्टरचा स्क्रीन, दिसताच कामा नये. स्वीडनने सगळं गुंडाळून पुस्तकं परत आणली, आपल्याला कधी अक्कल येणार?’ ही पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. वाहवा करणाऱ्यांत माझे सहकारीही आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी स्वीडन. २०२३ साली तिथल्या सरकारने बालवाड्यांमधली डिजिटल साधनांची सक्ती काढायचं ठरवलं आणि शाळांना छापील पुस्तकांसाठी त्या वर्षी ६८.५ कोटी क्रोनर दिले. सक्ती काढणं वेगळं, बंदी घालणं वेगळं.

आता माझा वर्ग. एक प्रोजेक्टर आणि गटाला एक असे टॅब. मूल आपलं वाचन टॅबवर रेकॉर्ड करतं आणि मग पुस्तक समोर धरून ऐकतं. शब्द कुठे गाळला, पूर्णविरामाला न थांबता कुठे धावत सुटलो, हे त्याचं त्यालाच सापडतं. तेच मी सांगितलं की ‘बाई चुका काढतात’ होतं. शिवाय प्रत्येकाजवळ बसून रोज वाचन ऐकणं एका बाईच्या आवाक्यातलं नाही.

गणितात मी मुलांच्या वह्या कॅमेऱ्याखाली धरते. एकच वजाबाकी दोघांनी वेगवेगळ्या रीतीने केलेली असते. नावं झाकायची, दोन्ही पानं शेजारी शेजारी भिंतीवर आणि प्रश्न एकच: रीत वेगळी, मग उत्तर सारखं कसं? त्या तासाला शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे येतात.

आणि वर्गात एक मुलगी आहे, दृष्टी अधू. छापील पान ती नाक टेकवून वाचायची. टॅबवर अक्षर मोठं करून दिलं, तशी ताठ बसून वाचते. ‘दिसताच कामा नये’ म्हणणाऱ्यांनी तिला काय सांगायचं ते मला लिहून द्यावं.

मुलाला एकट्याला ॲपच्या हवाली करायचं आणि बरोबर उत्तराला चांदण्या मोजत बसायचं, याची वकिली मी करत नाही. मुलाकडून काय करून घ्यायचं हे बाई ठरवते की ॲप, भांडायचं तर त्यावर भांडा.

शाईदौत

ती पोस्ट माझी. एक शब्दही मागे घेत नाही.

चौथीच्या मुलांच्या वाचनाची पर्ल्स नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. स्वीडनचे गुण २०१६ ला ५५५ होते, २०२१ ला ५४४ झाले. करोनाचं कारण पुढे करू नका, तिथल्या प्राथमिक शाळा बहुतेक काळ उघड्या होत्या. पेरूने तर मुलामुलाच्या हातात लॅपटॉप दिला. ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली आला. गणितात आणि भाषेत गुण वाढल्याचा काहीही पुरावा मिळाला नाही.

बाई, तुम्ही मेहनती आहात. तुमच्या हाती नुसता खडू दिला तरी मुलं शिकतील. पण धोरण तुमच्यासाठी आखलं जात नाही, साध्या वर्गासाठी आखलं जातं. तिथे टॅब वाटले की वर्ग शांत होतो आणि त्या शांततेलाच शिकवणं म्हटलं जातं. त्यात हाताने लिहिणं मरतंय. नॉर्वेतला २०२४ चा अभ्यास वाचा. हाताने लिहिताना मेंदूच्या भागाभागांतली जोडणी टाइप करण्यापेक्षा कितीतरी व्यापक दिसली.

दोन लेकरांची आई

शाईदौत यांच्याशी सहमत. माझी धाकटी गणिताच्या ॲपवर रोज पुढची पातळी गाठायची. शाळेतून कौतुकाचे निरोप यायचे. एक दिवस शेजारी बसून पाहिलं, तर ती प्रश्न वाचतच नव्हती. हिरवं होईपर्यंत एकेक पर्याय दाबत होती. तेच गणित कागदावर घातलं तर गप्प. शाळेला सांगितलं, तर म्हणाले, ‘प्रगती तर छान दिसतेय.’ कोणाला दिसतेय?

निळा खडू

तुम्ही दोन्ही बाजू ज्या टॅबवरून भांडताय तो माझ्या शाळेत मुलांच्या हाती लागतच नाही. त्यावर हजेरी भरायची, उपक्रमाचे फोटो चढवायचे, ही माहिती, ती माहिती. कविता रंगात आलेली असते आणि मी म्हणते, थांबा, इकडे बघा, फोटो! मुलं हात खाली घेतात, ओळीत उभी राहतात, कविता संपते. फोटो नसेल तर उपक्रम झालाच नाही असं धरतात. साधन चांगलं की वाईट हे कळण्याइतकं ते आमच्याकडे राहू तरी द्या!

तिसरीच्या बाई

@दोन लेकरांची आई, तुमचा राग रास्त आहे. पर्याय दाबायला लावणारं ॲप मी वर्गात उघडत नाही. उत्तर वहीत रीतीसकट हवं, टॅबवर फक्त पडताळा.

@शाईदौत, नॉर्वेचा अभ्यास मीही वाचलाय. त्यात लहान मुलं नव्हतीच, विद्यापीठातले ३६ विद्यार्थी होते. टाइप करत होते एकाच बोटाने. आणि हाताने लिहीत होते ते डिजिटल पेनने, टचस्क्रीनवर. वर्गातून जो पडदा काढा म्हणताय, त्यावरच तुमचा पुरावा लिहिलेला आहे.

शाईदौत

पेन कोणतंही असो, हात फिरला हा मुद्दा आहे. लहान मुलंच हवीत तर २०१२ चा अमेरिकेतला अभ्यास घ्या. वाचता न येणारी पाच वर्षांची मुलं होती. अक्षर स्वतः हाताने काढल्यावर, ते पाहताना वाचनाशी जोडलेले मेंदूचे भाग जागे झाले. टाइप केल्यावर किंवा गिरवल्यावर तसं झालं नाही.

तिसरीच्या बाई

मग ठिपक्यांवर गिरवायच्या वह्याही बाहेर काढा. त्या तर छापील आहेत. त्यांच्याविरुद्ध पोस्ट का नाही?

शाईदौत

काढाच. माझी ना नाही.

मात्रा-वेलांटी

मुख्य रोग कोणी बोलतच नाही. मुलं मराठी टाइप करतात ती रोमन अक्षरांत. यंत्र चार पर्याय दाखवतं, मूल पहिल्यावर बोट ठेवतं. वेलांटी पहिली की दुसरी, हा विचार करायची वेळच येत नाही. माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं कागदावर ‘पाणी’ लिहिताना अडतात. लेखनाची पार वाट लागली आहे आणि तुम्ही नॉर्वेच्या गप्पा मारताय.

कळफलक

तो रोमन टंकनाचा दोष आहे. इन्स्क्रिप्टवर, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कळा असलेल्या कीबोर्डवर, नेमकं उलटं होतं. वहीत ‘सूर्य’ लिहिताना मूल आधी ‘य’ काढतं आणि मग त्याच्या डोक्यावर रफार देतं. म्हणून रफार कोणाच्या डोक्यावर द्यायचा यात मुलं कायम गोंधळतात. इन्स्क्रिप्टवर आधी ‘र’ दाबायचा, त्याचा पाय मोडायचा, मग ‘य’. म्हणजे ज्या क्रमाने उच्चार, त्याच क्रमाने कळा. ‘प्रकाश’ला आधी ‘प’, पाय मोडा, मग ‘र’. क्रम चुकला तर भलतंच अक्षर उमटतं. माझ्या भाचीला रफाराचं कोडं कागदावर सुटेना, ते इथे सुटलं.

मात्रा-वेलांटी

एका भाचीवरून लिपी शिकवू नका. पिढ्यान्‌पिढ्या मुलं पाटीवर रफार शिकली. ज्यांना शिकवता येत नाही त्यांना यंत्र लागतं.

कळफलक

हे अपमानास्पद आहे. मी शिकवतो त्या मुलांच्या वह्या तुम्ही पाहिल्यात? पिढ्यान्‌पिढ्या किती मुलांनी लाल शाईने भरलेल्या वह्या घरी लपवल्या, तेही सांगा.

रात्रपाळी

मी सहसा लिहीत नाही. आज राहवत नाही.

माझ्या मुलाला हाताने लिहिणं जमत नाही. गोष्ट तोंडी सांगायला लागला की थांबत नाही, वहीत मात्र दोन ओळी, त्याही ओळ सोडून वरखाली. बोटं दुखतात म्हणून रडायचा. शाळेत आळशी ठरला. पानंच्या पानं पुन्हा लिहायची शिक्षा झाली. शेवटी तपासणीत लेखन-अक्षमतेचं निदान झालं. नव्या वर्गशिक्षिकेने त्याला बोलून मजकूर टाइप करणारं साधन दिलं आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा पानभर गोष्ट पुरी केली. ते पान मी जपून ठेवलंय. हाताने लिहिण्याचे गोडवे गाताना हे मूलही वर्गात बसलंय, एवढं ध्यानात ठेवा.

शाईदौत

रात्रपाळी, तुमच्या मुलाच्या हातून ते साधन कोणी काढू नये. बाईंच्या त्या मुलीचा टॅबही काढू नये. यात माझा वाद नव्हता. पण दोन मुलांच्या गरजेपोटी उरलेल्या सगळ्यांच्या हातातली पेन्सिल जाणार असेल, तर मी बोलणारच.

तिसरीच्या बाई

वाद नव्हता कसा? ‘दिसताच कामा नये’ हे तुमचेच शब्द. आणि पेन्सिल काढा असं इथे कोण म्हणालं? विज्ञानाचा धडा मीही पुस्तकातूनच वाचून घेते. २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र तपासले गेले, वाचक १ लाख ७० हजारांवर. माहितीचा मजकूर पडद्यापेक्षा कागदावर जास्त समजतो, वेळेचं बंधन असलं तर हा फरक आणखी वाढतो. गोष्टी वाचताना मात्र फरक दिसला नाही. हे मी नाकारत नाही, कारण मला वर्ग चालवायचाय, बाजू नाही.

निळा खडू

आणि फोटोंचं काय? कोणी एक ओळही उत्तर दिलं नाही.

शाईदौत

फोटोंच्या बाबतीत तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. पोस्टमधलं ‘दिसताच कामा नये’ काढून ‘मुलाला एकट्याला देता कामा नये’ असं करतो. पेरू आणि पर्ल्सबद्दल बाईंनी अजून उत्तर दिलेलं नाही, तेव्हा बाकी पोस्ट आहे तशीच राहील.

तिसरीच्या बाई

पेरूचं उत्तर पेरूतच आहे. लॅपटॉप वाटले, पण कोणत्या तासाला काय करायचं याचं शिक्षकांना नीट प्रशिक्षणच दिलं नाही. पर्ल्सवर सावकाश लिहीन, आत्ता वह्या तपासायच्या आहेत.

मात्रा-वेलांटी

कळफलक, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत तर दोन्हीकडे ‘र’ आधीच येतो. तिथे तुमचा उच्चाराचा क्रम काय कामाचा?

कळफलक

तिथे कळाच दोन आहेत. ‘दर्या’ला साधा ‘र’, ‘दऱ्या’ला शिफ्ट धरून दुसरा. समुद्र म्हणायचाय की डोंगरातल्या दऱ्या, हे मुलाला कळ दाबायच्या आधी ठरवावं लागतं. पाटीवरही ठरवावं लागतं, मान्य.