मदत हवी आहे : घरातल्या उंदरांचा बंदोबस्त नेमका कोणत्या मार्गाने करावा?

आम्ही डोंबिवलीत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. मागे उघडे गटार आहे आणि पावसाळा लागला की तिथली मंडळी आमच्याकडे मुक्कामाला येतात, हे एव्हाना अंगवळणी पडले होते. यंदा मात्र पोह्यांची पिशवी, समईच्या वाती, मुलीच्या वहीचे कोपरे आणि सासूबाईंची जुनी गोधडी अशा सगळ्यांनाच दात लागले आहेत. ओट्याखालच्या ट्रॉलीत रोज सकाळी जिऱ्याएवढ्या काळ्या लेंड्या सापडतात. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि चार वर्षांची मुलगी असे पाच जण आहोत. जिन्याखाली एक मांजरही आहे. तिला मी दोन्ही वेळा दूध-पोळी घालते आणि बहुधा त्यामुळेच तिला उंदरांत काडीचाही रस उरलेला नाही.

पहिला उपाय म्हणून आम्ही बाजारात सर्रास मिळणारे गोंदाचे पॅड आणले. विष नाही, रक्त नाही, उंदीर चिकटला की पुठ्ठा मिटून कचऱ्यात टाकायचा, हे मला सोयीचे वाटले होते. रात्री तीनच्या सुमारास ट्रॉलीतून आवाज आला म्हणून दिवा लावला, तर एक लहानसा उंदीर पॅडवर आडवा चिकटलेला होता. तीन पाय आणि पोटाची एक बाजू गोंदात रुतली होती आणि मोकळ्या राहिलेल्या चौथ्या पायाने तो पुठ्ठ्याची कड खरवडत होता. तोंड गोंदात जाऊ नये म्हणून त्याने मान वर धरली होती. ती थकून खाली येई आणि टेकायच्या आत पुन्हा वर जाई. पुठ्ठा मिटणे काही माझ्याने झाले नाही. गोडेतेल थेंब थेंब सोडून वीस-पंचवीस मिनिटांत त्याला सोडवले, पण पोटाची थोडी कातडी पुठ्ठ्यालाच राहिली आणि सकाळपर्यंत तो बुटाच्या खोक्यात मरून पडला. मी त्याला वाचवले नाही, त्याचे मरण चार तासांनी लांबवले, ही टोचणी तेव्हापासून लागून राहिली आहे.

मग तारेचा पिंजरा आणला. कांदाभज्याच्या तुकड्याने दुसऱ्याच रात्री काम केले. सासऱ्यांनी पिंजरा कुंपणाबाहेर नेऊन उघडला, परंतु त्याआधी मी गजांतून बाहेर आलेल्या शेपटीला लाल नेलपॉलिश लावून ठेवले होते. चौथ्या रात्री पिंजऱ्यात पुन्हा लाल शेपटी! मुलीने टाळ्या वाजवून ‘उंदीरमामा आले’ असे जाहीर केले आणि सासऱ्यांनी दुकानातून विषाची वडी आणण्याचे ठरवले. त्यांच्या आजीने प्लेग पाहिला होता. आढ्यावरून उंदीर पडला की माणसे घरदार सोडून माळावरच्या झोपड्यांत राहायला जात, हे त्यांनी तिच्या तोंडून ऐकलेले आहे, त्यामुळे उंदरांच्या बाबतीत त्यांना दयामाया ही चैन वाटते आणि त्यांचे चुकते असेही मला म्हणवत नाही. सध्या ती वडी मी वरच्या कपाटात कुलपात ठेवली आहे.

माझा प्रश्न असा की, लहान मूल आणि मांजर असलेल्या घरात विष वापरावे का? जिवंत पकडून दूर सोडणे खरोखर दयेचे आहे, की ती केवळ आपल्या मनाची समजूत आहे? आणि मारणे अटळच असेल, तर कमीत कमी यातना देणारा मार्ग कोणता? ‘मांजर पाळा’ हा सल्ला कृपया देऊ नये.

प्रतिसाद १

ताई, मी गेली बरीच वर्षे कीडनियंत्रणाच्या व्यवसायात आहे, तेव्हा धंद्याचे नुकसान करून सांगतो. पिंजरा, वडी, चाप या सगळ्या दुसऱ्या टप्प्याच्या गोष्टी आहेत. वाट उघडी ठेवून उंदीर मारत बसलात, तर रिकाम्या झालेल्या जागेवर गटारातला पुढचा येतो. घरातल्या छोट्या उंदराला आत शिरायला सहा-सात मिलिमीटरची, म्हणजे पेन्सिल जाईल एवढी, फट पुरते. सिंकखालचा पाईप भिंतीतून जातो तिथला पोकळ भाग, एसीच्या नळीचे भोक, गॅसच्या पाईपाचे भोक आणि मागच्या दाराखालची फट या जागा प्रथम पाहाव्यात. रात्री झोपताना ट्रॉलीच्या खाली आणि भिंतीच्या कडेने रांगोळीचा पातळ थर पसरून ठेवा. सकाळी पावलांचे ठसे कुठून कुठे जातात ते आपोआप कळेल. भोकात भांडी घासायची स्टीलची तार ठासून वर सिमेंट भरावे, कारण नुसते सिमेंट ओले असतानाच ते उकरतात आणि फोम तर त्यांना खाऊच वाटतो.

आणखी एक. लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचच्या पाण्याने भिजवून, पाचएक मिनिटे थांबून, हातमोजे घालून पुसून घ्या. आणि रात्री भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत जाणारा, लांब नाकाचा, उग्र वासाचा प्राणी दिसला तर त्याला पकडू नका. ती चिचुंद्री असते. ती उंदीर नव्हे; ती तुमची झुरळे खाते.

प्रतिसाद २

मी पशुवैद्य आहे. वडीबद्दल लिहितो. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक वड्यांमध्ये ब्रोमॅडिओलोन असते. त्याने रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि उंदीर तीन ते सात दिवसांनी अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. म्हणजे गोंदाच्या पॅडवर तुम्ही जे डोळ्यांनी पाहिले, तेच इथे ट्रॉलीच्या मागे, आठवडाभर आणि तुमच्या नजरेआड होते. त्या काळात तो सुस्तावलेला असतो, त्यामुळे एरवी आळशी असलेली मांजरही त्याला सहज पकडते, आणि गव्हाणी घुबडही. मांजरीला बाधा झाली तर के जीवनसत्त्व देऊन उपचार करता येतो, मात्र ते बरेच आठवडे द्यावे लागते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट मात्र घरात आणूच नये. तिच्यावर उतारा नाही, ती यकृत निकामी करते आणि पावाला लावून ठेवलेली असली तर चार वर्षांच्या मुलीला ती खाऊच वाटेल.

मारायचेच असेल तर चांगल्या प्रतीचा, ताठ स्प्रिंगचा चाप घ्यावा. तो भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा आणि मुलीचा हात पोचणार नाही अशा खोक्यात ठेवावा. मानेवर बसला तर क्षणात संपते. स्वस्त चाप पायावर बसतो. पिंजऱ्यासकट बादलीत बुडवणे हा आपल्याकडचा रूढ मार्ग आहे, पण त्याला दयाळू कोणत्याही अर्थाने म्हणता येणार नाही.

प्रतिसाद ३

कायद्याचे एवढेच सांगते की, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उंदरांना कावळे आणि फळे खाणाऱ्या वटवाघळांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. याचा अर्थ घरातला उंदीर मारणे गुन्हा झाला असा नाही. गोंदाच्या पॅडची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा आधार घेऊन भारतीय पशुकल्याण मंडळाने २०११ आणि २०२० मध्ये त्यांच्याविरुद्ध राज्यांना सूचना दिल्या होत्या. दुकानात मिळतात म्हणून ते निर्दोष, असे समजू नये.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रांगोळीचा उपाय इतका अचूक निघाला की सासरेही रोज सकाळी चष्मा लावून ठसे वाचायला बसू लागले. सिंकखालचे भोक आणि मागच्या दाराची फट बुजवली. धान्य पत्र्याच्या डब्यांत गेले. गोंदाचे उरलेले पॅड आणि वडी दोन्ही दुकानदाराला परत केली; त्याने पैसे दिले नाहीत, पण वस्तू ठेवून घेतल्या.

मात्र भोके बुजवल्यावर आतच अडकलेल्या एकासाठी पिंजरा लावला, तर काल रात्री त्यात मादी सापडली. तिच्या पोटाकडचे केस विरळ होऊन आचळे दिसत होती, म्हणून ट्रॉली पूर्ण बाहेर काढली. मागे मिक्सरच्या जुन्या खोक्यात गोधडीचा कापूस आणि वहीच्या कागदाचे कपटे रचलेले होते आणि त्यात गुलाबी, डोळे मिटलेली पाच पिल्ले होती. वडी आणणारे माझे सासरे ते पाहून म्हणाले, “बाळंतिणीला कोण घराबाहेर काढतं?” आता काय करावे?

प्रतिसाद २ (पुन्हा)

डोळे तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात आणि दूध तिसऱ्या आठवड्यात सुटते. आईविना ती पिल्ले फार तर एखादा दिवस जगतील. पण मादीला तसेच घरात मोकळे सोडू नका. घरात एखादा नर उरला असेल, तर प्रसूतीनंतर एका दिवसातच ती पुन्हा गाभण राहू शकते आणि तीन आठवड्यांनी तुम्ही नव्या वेतासाठी हाच प्रश्न विचाराल. खोके जसेच्या तसे, हात न लावता, खोल पत्र्याच्या पेटीत ठेवा, आईला त्यात सोडा, वर बारीक जाळी बसवा आणि वरचेवर डोकावू नका, कारण भेदरलेली मादी पिल्ले खाऊन टाकते. तीन आठवड्यांनी सर्वांना वस्तीपासून दूर, झाडझाडोऱ्यात सोडा. त्यातली बरीच जगणार नाहीत, हे ठाऊक असू द्या. हे सगळे जमणार नसेल, तर आई आणि पिल्ले माझ्यासारख्या कोणाकडे आजच आणून द्या. भूल देऊन झोपेतच संपवता येते.

मूळ प्रश्नकर्ती

पेटी तयार केली आहे. जाळी पाच मिलिमीटरची मिळाली. पिल्ले मोठी झाल्यावर त्यातून निसटणार नाहीत ना, एवढे कृपया आज रात्रीच्या आत सांगावे.