कॅल्शियम स्कोअर: दोघांनाही मधुमेह, वडिलांचा ०, काकांचा २३६. पुढे काय?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार. घरातल्या दोघांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या कॅल्शियमचा सीटी करून घेतला. छातीत दुखणं, दम लागणं दोघांनाही नाही. आकडे देतो.

वडील: वय ५६, मधुमेह ९ वर्षं, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८, बीपी १३४/८२, लघवीतला एसीआर (लघवीतून प्रथिन किती गळतं त्याचा आकडा) ६२. अ‍ॅटोर्वास्टॅटिन २० (कोलेस्टेरॉलची, स्टॅटिन गटातली गोळी) चालू असताना एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ८४. स्कोअर ०.

काका: वय ६१, मधुमेह १४ वर्षं, एचबीएवनसी ७.२, एसीआर १८, क्रिएटिनिन नॉर्मल. अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० वर एलडीएल ९६. तंबाखू-चुना चालू. स्कोअर २३६, त्यातले १७१ एकट्या एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या भागाची मुख्य वाहिनी).

वडिलांच्या मांड्या दुखतात, म्हणून 'शून्य आलाय तर कोलेस्टेरॉलची गोळी सोडतो' असं त्यांनी धरलंय. काकांना नातेवाइकांनी 'लगेच अँजिओग्राफी करा' म्हणून घाबरवून सोडलंय. या दोन्हींत तथ्य किती?

मेडिसिनवाला_सात_रस्ता

दोन्ही गोष्टी करू नका. मधुमेहात हा स्कोअर औषध वाढवायला कामाला येतो, औषध काढायला नाही.

आधी वडिलांचं. 'स्कोअर शून्य असेल तर स्टॅटिन लांबवता येईल' ही सवलत अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत आहे, पण त्यातून मधुमेह, धूम्रपान आणि घरात कमी वयात हृदयविकार असणारे लोक मुद्दाम वगळलेत. चाळिशी ते पंचाहत्तरीतल्या मधुमेह्याला स्टॅटिन द्यायचंच, स्कोअर काहीही असो. कारण सीटीला फक्त चुना (कॅल्शियम) धरलेला थर दिसतो. मऊ, चरबीचा थर दिसत नाही, आणि फुटून रक्ताची गाठ करणारा थर बऱ्याचदा तोच असतो.

शून्याला किंमत नाही असं मात्र नाही. मधुमेह असूनही स्कोअर शून्य असणाऱ्यांची पहिली काही वर्षं चांगली जातात, जवळजवळ मधुमेह नसलेल्या शून्यवाल्यांसारखी. पण साधारण पाच वर्षांनंतर त्यांचा धोका बिगरमधुमेह्यांपेक्षा वेगाने चढतो. म्हणजे या शून्याला मुदत आहे. शिवाय वडिलांचा एसीआर ६२ आहे, ३० च्या वर. किडनीच्या बारीक वाहिन्या गळायला लागल्यात. तीन महिन्यांत तो पुन्हा तपासा, कारण ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीची खूप मेहनत यानेही तो वर जातो. पुन्हा वाढलेलाच आला तर हृदयाच्या दृष्टीने माझ्या लेखी तो या शून्यापेक्षा मोठा पुरावा आहे.

मांड्या दुखतात ते खरं मानून तपासा. सीपीके (स्नायूंना इजा आहे का ते कळतं), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि ड जीवनसत्त्व करा. थायरॉइड मंद असेल तर स्टॅटिनने स्नायू जास्त दुखतात आणि कोलेस्टेरॉलही त्यानेच चढलेलं असू शकतं. मध्ये कुणी क्लॅरिथ्रोमायसिन (हे अँटिबायोटिक रक्तातलं स्टॅटिन वाढवतं) दिलं होतं का, तेही पाहा. सगळं ठीक निघालं तर डॉक्टरांना सांगून गोळी दोन ते चार आठवडे थांबवा. दुखणं गेलं का बघा आणि मग रोसुव्हास्टॅटिन ५ पासून पुन्हा सुरू करा. २०२० च्या सॅमसन अभ्यासात स्टॅटिनवर झालेल्या त्रासातला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला होता. दुखणं खोटं असा याचा अर्थ नाही, पण पुन्हा प्रयत्न केल्याशिवाय 'मला चालत नाही' हा शिक्का मारून घेऊ नये. वडिलांचं एलडीएल ७० च्या खाली हवं, आत्ता ८४ आहे. डोस सोसला नाही तर कमी डोसला इझेटिमाइब १० (आतड्यातून कोलेस्टेरॉल कमी शोषू देणारी गोळी) जोडा.

आता काका. २३६ म्हणजे थर नक्की आहे. वाहिनी किती अरुंद झाली, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. थर भिंतीत बाहेरच्या बाजूला फुगतो आणि आतली वाट बराच काळ मोकळी राहते, त्यामुळे २३६ म्हणजे अमुक टक्के ब्लॉक असं गणित नाही. लक्षणं नसलेल्या मधुमेह्यांना सरसकट हृदयाच्या चाचण्या करून काही वाचतं का, हे दोनदा तपासून झालंय: २००९ चा डायड अभ्यास थॅलियमसारख्या स्ट्रेस तपासणीवर आणि २०१४ चा फॅक्टर-६४ सीटी अँजिओग्राफीवर. दोन्हींत झटके किंवा मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. स्कोअर ४०० च्या पुढे असेल, ईसीजीत फरक असेल किंवा चालताना दम लागत असेल तर स्ट्रेस टेस्टचा विचार होतो. काकांना हे खोदून विचारा. मधुमेहात छातीत कळ न येता नुसता दम, घाम, जबडा जड वाटणं, रोजचा जिना अचानक न झेपणं, एवढंच होऊ शकतं.

त्यांच्या औषधाचा हिशोब असा. अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० ने एलडीएल साधारण ३७ टक्के उतरतं, म्हणजे मुळात ते १५० च्या आसपास असणार. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की मूळ आकड्याच्या आणखी ६ टक्केच उतरतं. १० चे ४० केले की दोन पायऱ्या, म्हणजे १२ टक्के, आणि एलडीएल ७७-७८ वर येईल. त्याला इझेटिमाइब १० जोडलं की उरलेल्यातला पाचवा हिस्सा जातो, ६२ च्या आसपास. ७० च्या खाली ही किमान रेषा. भारतीय लिपिड असोसिएशन अतिजोखमीच्या रुग्णांना ५० च्या खाली सांगते. डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी).

अ‍ॅस्पिरिन आपण होऊन सुरू करू नये. २०१८ च्या अ‍ॅसेंड अभ्यासात १५,४८० मधुमेही होते. रक्तवाहिन्यांचे मोठे प्रसंग १२ टक्क्यांनी कमी झाले आणि मोठा रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढला. स्कोअर १०० च्या वर, वय सत्तरीच्या आत, पूर्वी अल्सर किंवा रक्तस्राव नाही आणि बीपी आटोक्यात, असं असेल तर ७५ मिलिग्रॅमचा विचार करता येतो. तो निर्णय समोर बसवून घ्यायचा.

सीटी_टेक्निशियन

मशीनच्या बाजूने थोडं. वरच्या निर्णयांना आधार असलेला आकडाच कच्चा निघू शकतो, म्हणून.

स्कोअर कसा बनतो ते बघा. १९९० मध्ये अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत आजही चालते. ३ मिमीचे काप, त्यात १३० हाउन्सफील्डच्या (सीटीवर घनता मोजायचं एकक) वर आणि किमान १ चौरस मिमी असलेला ठिपका कॅल्शियम म्हणून धरायचा. त्याचं क्षेत्रफळ गुणिले घनतेचा अंक: १३० ते १९९ ला १, २०० ते २९९ ला २, ३०० ते ३९९ ला ३, ४०० च्या पुढे ४. समजा एलएडीत तीन कापांत ६, ९ आणि ४ चौरस मिमी सापडले आणि सर्वाधिक घनता २४०, ४३०, ३१० आली. मग १२ अधिक ३६ अधिक १२, म्हणजे ६०. नुसता एखादा ठिपका ३९० वरून ४१० ला गेला तरी स्कोअर उडी मारतो. म्हणून १०-२० च्या फरकावर घरात चर्चा करू नका.

बिघडतं कुठे? ठोके ८०-९० च्या वर असले, किंवा अनियमित असले, की उजवी वाहिनी हलून पुसट होते. कधी ठिपका पसरून स्कोअर वाढतो, कधी बारीक ठिपका गायबच होतो. चरबी जास्त असली की चित्रात दाणे येतात आणि खोटे ठिपके धरले जातात. झडपेचं किंवा महाधमनीच्या मुळाचं कॅल्शियम चुकून वाहिनीत मोजलं जातं. ईसीजी गेटिंग (ठोक्याशी जुळवून चित्र घेणं) न लावता काढलेल्या साध्या छातीच्या सीटीवरून आकडा दिला असेल तर तो ढोबळ समजा.

तपासणी सोपी आहे. इंजेक्शन नाही, डाय नाही, त्यामुळे क्रिएटिनिन बघायची किंवा मेटफॉर्मिन थांबवायची गरज नाही. उपाशी राहायचं नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने तर मुळीच नाही, टेबलावर शुगर उतरते. त्या दिवशी सकाळपासून चहा-कॉफी आणि तंबाखू टाळा, ठोके वाढतात. श्वास दहाएक सेकंद रोखायचा असतो. तो बाहेर दोनदा करून बघा, कारण बहुतेकांचा श्वास शेवटच्या दोन सेकंदांत सुटतो. किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसिव्हर्ट.

रिपोर्टमध्ये चारही वाहिन्यांचे आकडे वेगळे हवेत: एलएम (डावी मुख्य), एलएडी, एलसीएक्स (डावीकडून वळणारी), आरसीए (उजवी). फुफ्फुसात गाठ दिसली का, ही ओळही वाचा, ती हमखास राहून जाते. आणि सीडी मागून घ्या.

जुळे_सोलापूरकर

खूप आभार. काकांच्या रिपोर्टवर '८० पर्सेंटाइल' लिहिलंय, ते कसं घ्यायचं? उतरला का बघायला वर्षाने पुन्हा स्कोअर करावा का? कॅल्शियम नको म्हणून त्यांनी दूध-दही सोडलंय. शिवाय कुणीतरी 'सलाइनमधून कॅल्शियम धुऊन काढतात' असं सुचवलंय. आणि हल्ली पाचशे पावलं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं म्हणतात.

मेडिसिनवाला_सात_रस्ता

पोटरीचं आधी, कारण यात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. चाललं की भरून येते आणि थांबलं की जाते, हे पायाची वाहिनी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. तसं निघालं तर काका 'लक्षणं नसलेले' राहत नाहीत. मग अ‍ॅस्पिरिन आणि ५० चं एलडीएल हे दोन्ही प्रश्न बदलतात. या आठवड्यात पायाच्या नाड्या तपासून घ्या. घोट्याच्या आणि दंडाच्या बीपीचं गुणोत्तर, म्हणजे एबीआय, ०.९ च्या खाली असेल तर निदान जवळजवळ पक्कं. पण मधुमेहात पायाच्या वाहिनीच्या मधल्या थरात चुना साठून ती नळीसारखी कडक होते, पट्टा दाबत नाही आणि एबीआय खोटा चांगला येतो. १.४ च्या वर आला तर 'उत्तम' म्हणून घरी जाऊ नका, पायाच्या अंगठ्याचं बीपी किंवा डॉपलर मागा.

पर्सेंटाइल, म्हणजे तशाच वयाच्या शंभरांत किती जणांचा स्कोअर काकांपेक्षा कमी, ते बहुधा मेसा अभ्यासाच्या तक्त्यातून काढतात. तो अमेरिकेतल्या गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाच्या लोकांवर बनला, आणि मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांना त्यातून वगळलं होतं. काका यातल्या एकाही रकान्यात बसत नाहीत. २३६ हाच आकडा धरा.

वर्षाने पुन्हा करू नका. स्टॅटिनने मऊ थर घट्ट होतो, घनता वाढते आणि स्कोअर वर जातो. औषध लागू पडत असताना आकडा वाढलेला दिसेल आणि काका गोळी फेकून देतील. वडिलांचा मात्र तीनेक वर्षांनी पुन्हा करता येईल.

दूध-दही सुरू करा. वाहिनीतलं कॅल्शियम जुन्या जखमी थरावर बसतं, ताटातल्या दह्यामुळे नाही. धुऊन काढायच्या सलाइनला किलेशन म्हणतात. झटका येऊन गेलेल्या सुमारे १००० मधुमेह्यांवर झालेल्या टॅक्ट-२ चा निकाल २०२४ मध्ये आला, फायदा दिसला नाही. तो पैसा तंबाखू सोडवण्यात घाला.

मधुमेह_समुपदेशक_अशोक_चौक

दोघांच्याही यादीत मधुमेहाची एसजीएलटी-२ गटातली, किडनीलाही जपणारी गोळी दिसत नाही. वडिलांच्या एसीआरसाठी तर ती डॉक्टरांना नक्की विचारा. त्याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिन १० ची पेटंट मुदत २०२० मध्ये संपल्यापासून ती स्वस्त मिळते. मात्र आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो आणि ही गोळी लघवीवाटे साखर आणि पाणी दोन्ही काढते. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन (हीही लघवीवाटे पाणी काढतात) असेल तर उन्हाळ्याआधी डोस बघून घ्या. उलट्या-जुलाब, कडक उपास, अंगात ताप असं काही असेल त्या दिवशी गोळी बंद, मोठ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करायची सवय लावा, नाहीतर बुरशीची खाज येते आणि लोक लाजून न सांगताच गोळी सोडतात.

जेवणात ज्वारीची कडक भाकरी चालू दे, दोन मोजून. शेंगाचटणीतले शेंगदाणे वाईट नाहीत, तिच्यातलं मीठ मोजा. बीपी १३०/८० च्या खाली आणायचं असेल तर चटणी, लोणचं आणि पापड एकाच ताटात नकोत.

तंबाखू-चुन्यासाठी काकांना निकोटीन गम सुचवतात, पण तो च्युइंगगमसारखा सतत चघळला की निकोटीन पोटात जातं, उचकी आणि जळजळ होते आणि माणूस म्हणतो जमत नाही. तिखट चव येईपर्यंत दहा-पंधरा वेळा चावायचा, मग गाल आणि हिरडीमध्ये धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. असा एक गम अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा नाही. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली चिमूट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा.