मदत हवी आहे: कोंबडीची पिल्लं रात्री दांडीवर बसतच नाहीत

काजूबी
पंधरा दिवस झाले, डोकं फिरायची वेळ आलीय. खुराड्यात दांडी लावून दिली आहे, पण एक पिल्लू वर बसेल तर शपथ. दिवेलागणीला सगळी एका कोपऱ्यात जाऊन एकमेकांच्या अंगावर चढतात. सकाळी खालची चिंब, पंखांना घाण लागलेली. उचलून वर ठेवलं की टुणकन उडी मारून परत कोपऱ्यात. काय करू? "धीर धरा" सोडून काहीही सांगा.

अंडाभुर्जी
दांडी आहे म्हटल्यावर मारणारच ना ती.

बांधावरचा
किती दिवसांची? जात कुठली? नग किती? दांडी कशाची, केवढ्या उंचीवर? गावाचं नाव न टाकता लग्नपत्रिका वाटल्यागत झालं हे.

काजूबी
सात आठवड्यांची, चौदा आहेत. दांडी म्हणजे नळाच्या कामातून उरलेला पाइप, चार फुटी, अडीच फुटांवर. आता जातीचा काय संबंध?

बांधावरचा
जातीचाच तर संबंध. गावठी पिल्लू पाच-सहा आठवड्यांत आईमागं चढायला लागतं. वनराजा, गिरीराज अंगानं जड, त्यांचं सगळं सावकाश. आणि पाइप? कोंबडी खाली टेकली की पायातली शीर ताणून बोटं आपोआप आवळतात, म्हणून ती झोपेत पडत नाही. गुळगुळीत पाइपावर नखं धरणार कशाला?

गच्चीवरची_शेती
ताई, कडकनाथ घ्या. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. काटक पक्षी, दांडीबिंडी शिकवावी लागत नाही.

बांधावरचा
त्यांच्याकडं चौदा आहेत, त्यांचं काय करायचं ते विचारलंय त्यांनी.

निवृत्त_पशुधन
प्रथम लसीकरण तपासावे. पहिल्या आठवड्यात मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची, सहा-सात आठवड्यांचे असताना देवीची लस आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी. पिल्ले घोळका करून बसत असल्यास विष्ठेत रक्त आहे का, हेही पाहावे.

काजूबी
काका, लसी वेळेवर चालू आहेत, रक्त नाही. पिल्लं दिवसभर अंगण उकरून खातात, आजारी अजिबात नाहीत. आठ वनराजा आहेत, सहा गावठी, मावशीकडची. गावठी बसतात तशी, पण खुराड्यात नाही. संध्याकाळी पेरूच्या झाडावर चढतात, मी शिडी लावून एकेक उतरवून आत कोंबते.

बांधावरचा
हे आत्ता सांगताय होय!

वहिनी_न्यूजर्सी
पाइप काढून सरळ चार इंची फळी आडवी टाका. आमच्याकडे सगळे तशीच टाकतात. कोंबडी बोटांवर अंग टाकून बसते, थंडीत बोटं गारठत नाहीत. आणि खुराड्याला आपोआप बंद होणारं दार हवंच, आमच्या दोन रॅकूनने नेल्या.

बांधावरचा
वहिनी, इकडं कोकणात, लांज्यात की राजापुरात कुठं बर्फ पडतो? रुंद फळीवर घाण साचते आणि तीच पायाला लागते. कुदळीच्या दांड्याएवढं गोल लाकूड घ्या, साल सोललेलं. वनराजासाठी फूटभरच उंच. जड पक्षी अडीच फुटांवरून रोज उड्या मारायला लागला की तळपायाला गाठ येते.

वहिनी_न्यूजर्सी
फळी रोज खरवडायची असते, दादा.

नारळीपोफळी
लाकूड कशाला, पाइपालाच काथ्या गुंडाळा. पकड मस्त येते. (तुम्ही लांज्याच्या का? आमचं आजोळ तिकडचं.)

निवृत्त_पशुधन
काथ्या गुंडाळू नये. लाल पिसवा (रेड माइट हे बारीक किडे) दिवसा अशाच फटीत दडतात आणि रात्री पक्ष्यांचे रक्त पितात. पिसवा झालेल्या दांडीवर कोंबडी बसायला तयार होत नाही. रात्री बॅटरी घेऊन दांडीची टोके तपासावीत. बांबूची उघडी टोकेही बुजवावीत.

आडवाट
एक साधा प्रश्न. रात्री आत दिवा असतो का?

काजूबी
असतो ना, साठचा पिवळा बल्ब. पिल्लं आणली तेव्हापासून कोपऱ्यात टांगलाय. इकडे पाऊस थांबत नाही, गारठा आहे, शिवाय साप. गेल्या मंगळवारी रात्री लाइट गेली आणि सकाळी तीन मेलेली सापडली, ढिगाच्या तळाशी. चपटी झाली होती अक्षरशः. सासूबाई म्हणतात, डालग्याखाली झाका आणि विषय संपवा. म्हणून घाई करतेय.

आडवाट
मग दुखणं दांडीचं नाहीच. तो बल्ब म्हणजे त्यांची आई. कोपऱ्यात ऊब आणि उजेड, वर अंधार. कोण जाईल वर? लख्ख उजेडातून एकदम काळोख झाला की घाबरून एकावर एक चढतात. दिसत नाही हो त्यांना अंधारात.

सात आठवड्यांच्या पिल्लाला पिसं पुरती आलेली असतात, खाली अंथरलेलं तूस कोरडं असेल तर त्याला बल्ब लागत नाही. पण आजच्या आज विझवू नका. रोज थोडा वर घ्या, मग झिरोचा लावा, चार-पाच दिवसांनी काढा. पिल्लांना दिवस असतानाच आत घ्या, म्हणजे संधिप्रकाशात त्यांना दांडी दिसेल. तो कोपरा पत्रा वाकवून गोल करून टाका, ढीग व्हायला जागाच नको. साप बल्बला घाबरत नाही, त्याला अर्ध्या इंचाची जाळी लागते. आणि उचलून ठेवायची ती पूर्ण काळोख झाल्यावर. उजेडात ठेवलीत तर उतरणारच.

बांधावरचा
बल्बचं पटलं. पण चार फुटांत चौदा कशी मावतील? आत्ता नगाला पाच इंच धरा, मोठी झाल्यावर आठ. दोन दांडे लावा, एकाच उंचीवर. खालीवर लावले तर वरच्या जागेसाठी मारामारी.

गच्चीवरची_शेती
गावठी अंड्याला तुमच्याकडे काय भाव मिळतो?

काजूबी
दहा दिवसांनी लिहितेय. बल्ब निघाला. घरातले कुदळीचे दोन दांडे लावले, एकाला अजून मातीचा वास आहे. पहिल्या रात्री काळोखात सगळी वर ठेवली, अकरा उतरली. तिसऱ्या रात्री गावठी सहाही आपणहून चढली, टोकाला कोण बसणार यावरून चोची मारत. वनराजातली तीन वर. बाकीची पाच दांड्याच्या बरोब्बर खाली ओळीने बसतात आणि वरच्यांची शिट डोक्यावर घेतात. ढीग मात्र बंद झाला. सासूबाई रोज रात्री बॅटरी मारून मोजतात.

बांधावरचा
ती पाचही चढतील. नाही चढली तर दांडा सहा इंचांवर आणा. आणि पेरूची खालची फांदी छाटा.

काजूबी
फांदी नाही छाटणार, दादा. पेरू धरलेत.

झुळूक
धागा वाचला नाही, पण माझी कोंबडी खुडूक बसली आहे आणि उठतच नाही, काय करावं?

बांधावरचा
नवा धागा काढा. आणि जात लिहा.