मदत हवी आहे: टेकडीवर लपवलेल्या डब्याची लोकांना भीती वाटू नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी,

सरळ अडचणीवरच येते. पुण्यात आमची आठ घरं आणि चार-पाच ट्रेकर मुलंमुली असा एक गट आहे. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही जिओकॅशिंगला जातो. गेल्या महिन्यात टेकडीवर जे झालं, त्यानंतर तीन घरांनी "आता जरा थांबू या" असं कळवलंय. मला थांबायचं नाहीये. पण तसं पुन्हा घडलेलंही मला चालणार नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकजण कुठेतरी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर टाकतो. बाकीचे मोबाइलच्या जीपीएसवर तिथपर्यंत पोचून डबा हुडकतात. आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा, होता तिथेच ठेवायचा. आत गोट्या, किचेन असं काही असेल तर एक घ्यायचं, त्याच तोलाचं एक ठेवायचं. डब्याला इंग्रजीत कॅश म्हणतात, पण पहिल्याच रविवारी एका आजींनी "म्हणजे पैसे पुरता का गं?" विचारलं. तेव्हापासून आमच्यात 'डबा' हाच शब्द आहे.

मी हे ऑरेगनमध्ये शिकले. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं हिल्सबरोला होतो. हा खेळ जन्मला ती जागा तिथून फार लांब नाही. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत भरकटणारी यंत्रं एका रात्रीत दसपट नेमकी झाली. लगेच ३ मेला डेव्ह अल्मर यांनी पोर्टलंडजवळ बीव्हरक्रीकच्या रस्त्याकडेला एक बादली अर्धी जमिनीत पुरून ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, बेचकी, घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा आणि वही-पेन्सिल. आज तिथे स्मरणफलक आहे. लेक पाच वर्षांची असताना तिला घेऊन गेले होते. फलकापाशी ती एवढी शांत उभी होती की मला वाटलं कंटाळली. मग हळूच म्हणाली, "आई, पुण्यात आपण लपवू या." परत आल्यावर हे सगळं उभं केलं ते त्या वाक्यामुळे.

आता त्या रविवारचं. संकेतस्थळावर नोंदवण्याआधी गटातल्या गटात रंगीत तालीम करायची ठरलं होतं. निळ्या क्लिपांचा हवाबंद डबा घेतला. उन्हात चमकू नये म्हणून काळ्या चिकटपट्टीने पूर्ण गुंडाळला. सकाळी सातला गिरिपुष्पाच्या झाडांखालच्या दगडी बांधात मुलांनी तो सरकवला आणि वर दोन धोंडे ठेवले. तेवढ्यात काठी टेकत एक आजोबा आले. आमच्यातली सात वर्षांची चिमुरडी त्यांच्याकडे धावली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, कुणाला सांगू नका हं."

आम्ही खाली पोहे खायला उतरलो. आजोबांनी रखवालदाराला सांगितलं, त्याने चौकीत फोन केला. मागाहून शोधायला निघालेली आमची तीन मुलं वर पोचली तेव्हा बांधापाशी दोन पोलीस उभे होते आणि फिरायला आलेली माणसं लांब सरकवलेली होती. त्यातल्या चौदा वर्षांच्या मुलाने हातातला मोबाइल दाखवत "डबा आमचाच आहे" म्हणून सांगितलं. त्याला नाव-पत्ता विचारला गेला. त्याची आई धावत वर आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

पोलीस अगदी नीट बोलले. डबा उघडला, वही चाळली, एकच विचारलं: "परवानगी आहे का?" नव्हती. डबा घेऊन गेले.

कुणाचीही तक्रार करायला हे लिहीत नाहीये. आजोबांचं तर काहीच चुकलं नाही. याच शहरात १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात एका बेवारस पिशवीतल्या बॉम्बने माणसं मारली. दोन दिवसांनी मी त्यांना भेटून माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, काठी धरलेला हात थरथरत होता माझा." ते वाक्य डोक्यातून जात नाही.

तर टेकडीवर डबा ठेवायचा असेल तर परवानगी नेमकी कुणाची घ्यायची? डबा कसा असावा? आणि ज्यांनी माघार घेतलीय त्यांना पुन्हा एकत्र आणायला सुरुवात कशाने करू? ट्रेकर मुलांना लांबची चढण हवी असते, लहान मुलांच्या आयांना सावली आणि स्वच्छतागृह. दोन्ही एका रविवारात बसवता बसवता माझी ओढाताण होते. अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

— अबोली७

पावसाळी: डब्यावर बाहेरून काही लिहिलं होतं का?

अबोली७: नाही. चिठ्ठी होती, पण आत.

इसारकाठ: मी म्युनिकला असतो, बारा वर्षं खेळतोय. अबोलीताई, तुमच्या लेखात उत्तर आहेच: काळी चिकटपट्टी. ती आधी काढा. इथेही निनावी डब्यामुळे बॉम्बशोधक पथक आल्याचे प्रसंग घडतात, म्हणून नेहमीचे खेळाडू डब्यावर बाहेरूनच ठळक चिकटपत्र लावतात. पारदर्शक डबा सगळ्यात उत्तम, न उघडता आतली वही दिसते. दोन्ही टोकं बंद केलेली प्लास्टिकची पाइपं तर चुकूनही वापरू नका, लांबून ती काय वाटतात ते सांगायला नको. शाळा, पूल, रेल्वे, सरकारी कचेऱ्या यांच्या आसपास नाहीच.

आणि मुलांना "कुणाला सांगू नका" शिकवणं सोडून द्या. इथे मी माझ्या मुलीला उलटं शिकवलंय. कुणी थबकून बघायला लागलं की तीच जाऊन नमस्कार करते, खेळ समजावते, डबा हातात देते. त्यातले दोघं पुढे आमच्या गटात आले.

नियमांबद्दल: खड्डा खणून पुरायचं नाही (पहिली बादली अर्धी पुरलेली होती तरी), खाण्याची वस्तू आत ठेवायची नाही, आणि दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं. नोंदणीआधी स्वयंसेवक परीक्षक हे सगळं तपासतात. त्यामुळे संकेतस्थळावर गेलात की अर्धी शिस्त आपोआप येते.

रानवाटा: वनखात्यातून निवृत्त झालोय, म्हणून परवानगीबद्दल लिहितो. टेकडी म्हणजे एक मालक असं समजू नका. एकाच टेकडीचा काही भाग वनखात्याकडे, काही महापालिकेकडे, काही खासगी असू शकतो. आधी तुमचा बांध कुणाच्या हद्दीत येतो ते बघा. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. उद्यान असेल तर उद्यान विभागाला. अर्जात डब्याचा फोटो, जागेचे आकडे, तुमचा फोन आणि "सांगाल त्या दिवशी काढून नेऊ" हे वाक्य हवंच. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. परवानगी मिळाली की एक प्रत चौकीत आणि एक रखवालदाराच्या हातात द्या. खरं काम ही शेवटची प्रत करते, कारण पहिला फोन त्याचाच जातो.

किल्ल्यांवर संरक्षित स्मारकांत मात्र डबा ठेवू नका. तिथला एक दगडही इकडचा तिकडे करायचा नसतो, आणि आपली मुलं शोधताना दगडच हलवतात.

पावसाळी: दगडांखाली डबा ठेवता हे वाचून काळजी वाटली. आपल्याकडे फुरसं आणि घोणस दोन्ही दगडांच्या फटीत, पाचोळ्यात असतात. फुरसं वीतभर लांबीचंही असतं, मातीच्या रंगात दिसतच नाही. कृपा करून फटीत हात घालायचा खेळ मुलांना देऊ नका. डबा डोळ्यांना दिसेल अशा उंचीवर ठेवा, आधी काठीने हलवा, पायात बूट असू द्या. कड्याखाली आग्यामोहोळ दिसलं तर त्या दिवसाचा शोध तिथेच संपला असं समजा.

पावसासाठी: झाकणाला रबरी कडा असलेला डबा घ्या आणि ती कडा दर महिन्याला पुसा. मातीचा एक कण अडकला तरी पाणी आत जातं. वही दोन पिशव्यांत ठेवा. पेन नको, पेन्सिलच ठेवा. शाई पसरते, शिसं राहतं.

भूपृष्ठ: एक वेगळी वाट सुचवतो. या खेळात डबा नसलेलाही एक प्रकार आहे, अर्थकॅश. २००४ पासून चालतो. लपवायचं काहीच नाही. जागाच बघायची आणि तिच्या भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं तिथे उभं राहून, मोजून, बघून पाठवायची. तुमच्या घाबरलेल्या आयांसाठी सुरुवात इथून करा.

जागा म्हणाल तर निघोजचे रांजणखळगे. नगर रस्त्याने शिरूर गाठून पुढे जायचं. कुकडी नदीचं पात्र तिथे बेसाल्टमध्ये खोल चिरलंय. पुराच्या पाण्यात गोटे भोवऱ्यात सापडतात आणि खडकाला गिरमिटासारखं भोक पाडत जातात. खळग्याच्या आत वाकून पाहिलंत तर भिंत हात फिरवावासा वाटेल इतकी गुळगुळीत लागते, आणि तळाशी तेच गोटे बसलेले दिसतात ज्यांनी तो कोरला. मुलांना सुतळी द्या आणि खळग्याचं तोंड मोजायला सांगा. "गोटा गोल का झाला?" एवढा एक प्रश्न अर्धा तास पुरतो. एका काठावर टाकळी हाजी, पुणे जिल्हा. पलीकडे निघोज, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा. मळगंगा देवीचं देऊळही तिथेच. पण पाणी वाहतं असताना मुलांना खडकावर नेऊ नका, आणि कडेला नेहमी मोठं माणूस हवं. पावसाळा ओसरून पात्र उघडं पडलं की जा.

टेकडीकर: रविवारच्या ओढाताणीबद्दल. आम्ही नाशिकला अशी भेट संकेतस्थळावर 'इव्हेंट' म्हणून नोंदवतो. अट साधी आहे: ठरलेल्या जागी किमान अर्धा तास भेटायचं, आणि दोन आठवडे आधी नोंद करायची. भेट बागेच्या फाटकापाशी, झाडाखाली, जिथे बाकडी आणि स्वच्छतागृह आहे अशा ठिकाणी ठेवतो. ओळखी होतात, आकड्यांची देवाणघेवाण होते. मग चढणारे चढतात, बाकीचे बागेतच लहान मुलांचा शोध खेळतात. कुणालाही मागे राहिल्यासारखं वाटत नाही.

दुसरं म्हणजे कचरा गोळा करण्याची भेट. तीही याच खेळाचा भाग आहे, किमान एक तासाची असते. टेकडीवर महिनाभर दर रविवारी हातमोजे घालून बाटल्या वेचताना दिसलात, की फिरायला येणारे तुम्हाला नावाने ओळखायला लागतील. डबा त्यानंतर ठेवा.

आणि आकडे लिहिताना जपा. आमच्यात एकाने अक्षांशातलं ३१.२२४ मिनिटं हे ३१ मिनिटं २२.४ सेकंद असं वाचलं आणि निम्मा गट पावणेतीनशे मीटर उत्तरेला, भलत्याच काटेरी झुडपांत शोधत बसला होता. दशांश मिनिटं आणि सेकंद यांतला फरक सगळ्यांना एकदा कागदावर करून दाखवा.

अबोली७: सगळ्यांचे खरंच मनापासून आभार. दोन दिवस हेच वाचतेय.

रानवाटाकाका, हद्द शोधली. आमचा बांध वनखात्याकडेच निघाला. आज अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर येईपर्यंत टेकडीवर काहीही ठेवणार नाही. पावसाळी, फटीत हात घालणं आजपासून बंद. तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा गटावर टाकलाय.

टेकडीकर, कचऱ्याच्या भेटीची कल्पना त्या आजोबांना सांगितली. "पिशव्या मी आणतो" म्हणाले. चौदा वर्षांच्या मुलाची आई अजून तयार नाही, आणि मी तिला आग्रह करणार नाही. निघोजला मात्र येते म्हणाली. भूपृष्ठ, पात्र उघडं पडलं की तुम्हाला निरोप करेन. प्रश्न लिहायला मदत लागेल.

डबा नवा घेतलाय, पारदर्शक. त्यावर लावायचा मजकूर काल लेकीबरोबर बसून केला:

"हा खेळाचा डबा आहे. आत वही, पेन्सिल आणि गोट्या आहेत. उघडून बघा, तुमचंही नाव लिहा आणि इथेच परत ठेवा. शंका असेल तर या नंबरवर फोन करा."

"उघडून बघा" हे शब्द लेकीचे आहेत. मला आधी वाटलं की नुसतं "घाबरू नका" पुरे. ती म्हणाली, घाबरू नका वाचलं की मला जास्त भीती वाटेल.

शनिवारी छापायला देतेय. एखादा शब्द बदलावासा वाटत असेल तर त्याआधी सांगा.