मदत हवी आहे: सोलापूरच्या उन्हाळ्यात रायझन ३६०० प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय (ठरलेल्या वेगाच्या वर पळवायचाय), थंड कसा ठेवू?

रेंडर_रखडला

नमस्कार मंडळी. लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग हा माझा धंदा. सराई ऐन भरात आहे, नवरा-नवरीच्या अंगाची हळद उतरायच्या आत लोकांना पेनड्राइव्ह हवा असतो, आणि इथे मशीन एक्स्पोर्टला बसलं की सरपटायला लागतं. घर साखर पेठेत. एडिटिंगची खोली माडीवर, वर पत्रा, खाली चुलत्यांचे यंत्रमाग. दुपारी दोनच्या सुमाराला खोलीतलं थर्मामीटर ३९-४० दाखवतं. एसी नाही, डेझर्ट कूलर आहे.

मशीन: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा साधा बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५०, ४५० वॅटचा पॉवर सप्लाय, ६०० व्हीएचा यूपीएस. प्रोसेसरवर डब्यातून आलेलाच कूलर. काही न करता नुसतं उघडं असताना एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) ५८ दाखवतं. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी चाचणी) लावलं की पाचेक मिनिटांत ९५, आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ४ गिगाहर्ट्झवरून ३.७ च्या खाली. हेच मशीन जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, खोली २४-२५ असताना ८० च्या आसपास थांबायचं.

बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सगळ्या कोअर ४.२ वर ठेवून पाहिल्या, व्होल्टेज १.३५. विंडोज सुरू होतं, ब्राउझर चालतो, एक्स्पोर्ट टाकला की स्क्रीन काळी आणि रीस्टार्ट. यूट्यूबवर हाच प्रोसेसर ४.३ वर पळवणारे दिसतात, ते कुठल्या हवेत बसलेत ते मात्र कुणी सांगत नाही.

४.२ वर स्थिर चालवायचा तर काय बदलू? कूलर, त्याच्याखालची पेस्ट, पंखे, काय ते सांगा. बजेट चार हजार. ‘नवीन मशीन घे’ आणि ‘एसी बसव’ हे दोन्ही सल्ले घरच्यांनी देऊन झालेत.

पंखा_फुल्ल

सरळ २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर टाका. सेकंडहँड मिळाला तर बजेटमध्ये बसेल. माझ्याकडे पुण्यात मस्त चालतोय.

शेंगाचटणी

सेकंडहँड लिक्विड कूलर कुणी घेऊ नका. पंप किती चाललाय ते कळत न्हाई, आणि गळला तर बोर्डासकट जातंय.

भावा, खाली माग चालू आणि वर मशीन, मग आधी कूलर उघडून बघ की बे. मी रिपेरिंगचं काम करतो, आपल्याच गावात. मागाच्या घरातलं मशीन आलं की पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मधे सुताच्या धुळीची अख्खी गोधडी निघते. वरून बघितलं तर पंखा चकाचक असतो, त्यामुळं मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेव, हवेच्या जोरानं गरागरा फिरला तर बेअरिंगची वाट लागते.

आणि एक लई महत्त्वाचं. कूलर काढायच्या आधी मशीन दहा मिनिटं लोडवर चालव, मग बंद करून, वायर काढून, कूलर हळूहळू डावी-उजवीकडं पिळत सोडव. सरळ वर ओढू नको. तुझ्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट वाळून चिकटलेली असली तर कूलरबरोबर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून हातात येतो. वाकलेल्या पिना सरळ करायची कामं माझ्याकडं याच दिवसांत जास्त येतात.

व्होल्टचा_वर्ग

तुमच्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे. जानेवारीत खोली २४, प्रोसेसर ८०. म्हणजे हा कूलर पूर्ण लोडला प्रोसेसरला खोलीपेक्षा साधारण ५६ अंश वर ठेवतो. हा फरक ऋतू बदलला तरी बराचसा तसाच राहतो. आता खोली ४० धरा, बेरीज ९६. या प्रोसेसरची मर्यादा ९५, तिथे तो स्वतःच क्लॉक खाली आणतो. मशीन बिघडलेलं नाही, त्याला वर जायला जागाच उरलेली नाही.

लिक्विडबद्दल: रेडिएटरही खोलीचीच हवा घेतो. ४० अंशांच्या खोलीत कुठलाही पंख्याचा वा पाण्याचा कूलर चाळिसाच्या खाली नेणार नाही. तो फरक ५६ वरून किती कमी करता येतो, एवढाच प्रश्न आहे. चार तांब्याच्या नळ्या आणि १२० मिमीचा पंखा असलेला टॉवर कूलर दोन-अडीच हजारांत येतो, डीपकूलचा एजी४०० वगैरे. या प्रोसेसरला तो पुष्कळ झाला. घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजा. असे कूलर १५०-१६० मिमी उंच असतात आणि बाजूचं झाकण बसत नाही म्हणून परत करणारे बरेच दिसतात.

आता ओव्हरक्लॉक. प्रोसेसरची वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. मूळ सेटिंगवर, थंड राहिला तर, तुमचा ३६०० सगळ्या कोअरवर ४ च्या आसपास चालतोच. ४.२ म्हणजे पाच टक्के. एक तासाच्या एक्स्पोर्टमध्ये तीन मिनिटंही वाचत नाहीत. उलट क्लॉक ४.० वर कायम ठेवून व्होल्टेज १.३५ ऐवजी १.२० केलं तर त्या वर्गामुळेच वीज एकवीस टक्क्यांनी उतरते. सोलापुरात उन्हाळ्यात मी दुसरा मार्ग धरेन. ३.७ वर घसरणाऱ्या मशीनला ४.० वर टिकवणं हाच तुमचा खरा ओव्हरक्लॉक.

प्रत्येक चिप वेगळी असते, १.२० ला तुमची टिकेलच असं नाही. १.२५ पासून सुरुवात करा, सिनेबेंचचा दहा मिनिटांचा फेरा पार पडला की एक पायरी खाली. शेवटी जिथे टिकेल त्याच्या एक पायरी वर ठेवा. बायोस अडकलंच तर मशीनची वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून ठेवायचा, सगळं मूळ पदावर येतं.

बाय द वे, कुठलं सॉफ्टवेअर? एक्स्पोर्ट सॉफ्टवेअर एन्कोडिंगवर (प्रोसेसरकडून) आहे की हार्डवेअर (ग्राफिक्स कार्डकडून)?

रेंडर_रखडला

खूप आभार मॅडम, (प्रोफाइलवर पॉलिटेक्निकच्या प्राध्यापिका लिहिलंय म्हणून मॅडम म्हणतोय). प्रीमियर प्रो. सॉफ्टवेअर एन्कोडिंग मुद्दाम ठेवलंय, हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल हार्डवेअरमध्ये फाटल्यासारखा दिसतो.

दुसरं, डेझर्ट कूलर मशीनच्या तोंडासमोर ठेवला तर चालेल का? पाणी बोअरचं आहे.

व्होल्टचा_वर्ग

रंग फाटतो ते बिटरेट (व्हिडिओच्या दर सेकंदाला दिलेला डेटा) कमी पडल्यामुळे. एकाच बिटरेटला सॉफ्टवेअर एन्कोडिंग थोडं सरस असतं, हे खरं. पण पेनड्राइव्हवर जागेची टंचाई नाही. हार्डवेअरवर टाकून बिटरेट वाढवा आणि तोच हळदीचा शॉट शेजारी शेजारी लावून बघा. १६५० मध्ये त्यासाठी वेगळा भाग आहे, तो आत्ता रिकामा बसलाय. कलर आणि इफेक्टचं काम तरीही प्रोसेसरकडे राहीलच, त्यामुळे कूलर हवाच.

डेझर्ट कूलर खोलीसाठी वापरा, मशीनच्या तोंडावर नको. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत तो खोली चांगली उतरवतो, फक्त समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होऊन त्याचा उपयोग संपतो. प्रोसेसर हवेपेक्षा गरम असल्यामुळे त्याच्यावर दव धरत नाही. भीती उडणाऱ्या तुषारांची. बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे वाळतात, त्यांना ओल लागली की वीज नको तिथून वाहते.

जुना_बोर्ड

टॉवर लावताना एक गोष्ट कुणी बोललं नाही. डब्यातला कूलर हवा खाली बोर्डावर मारतो, त्यामुळे शेजारच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या बोर्डावरच्या भागाला) आयता वारा मिळतो. टॉवरची हवा आडवी जाते. व्हीआरएमवर हीटसिंक नसलेल्या बोर्डावर प्रोसेसर थंड आणि व्हीआरएम भाजतंय असं होऊ शकतं. मागे हवा बाहेर टाकणारा १२० मिमीचा पंखा बसवाच. टॉवरचा पंखाही मागच्याच दिशेने फुंकायला हवा, उलटा बसवलेला बऱ्याचदा पाहिलाय.

आणि रीस्टार्ट नक्की कशामुळे होतो ते तपासा. माग सुरू-बंद होताना तुमच्याकडे व्होल्टेज हलत असणार. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, तुमच्या मशीनला तो पुरतो, पण बॅटरी म्हातारी असेल तर लोडवर असताना झटका सहन करत नाही. विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात बिघाडांच्या नोंदी असतात. कर्नल-पॉवर ४१ (मशीन नीट बंद न होता रीस्टार्ट झाल्याची नोंद) कारण प्रोसेसर असो वा वीज, दिसेलच, त्यावरून काही ठरत नाही. सोबत डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुकीची) नोंद असेल तर प्रोसेसरला व्होल्टेज कमी पडतंय. तशी नोंद कधीच नसेल तर यूपीएसची बॅटरी आधी तपासून घ्या.

रेंडर_रखडला

अपडेट. डब्ल्यूएचईएच्या नोंदी होत्या, त्याही फक्त ४.२ च्या वेळच्या. शेंगाचटणी म्हणाले तशी गोधडी निघाली, बोटभर जाड. टॉवर आणि मागचा पंखा मिळून बजेटच्या आत भागलं. आता ४.० वर १.२१ व्होल्ट, खोली ३९ असताना सिनेबेंचला ७६, क्लॉक हलत नाही. हार्डवेअर एन्कोडिंग बिटरेट वाढवून ठेवलंय, शालू ठीक दिसतोय. आरतीच्या ताटाभोवतीच्या धुरात अजून चौकटी येतात, तेवढे शॉट असलेली फाइल सॉफ्टवेअरवर काढतो.

धाकटा भाऊ पण हाच प्रोसेसर वापरतो, मूळ सेटिंगवर. त्याच्याकडे काही चालू नसताना व्होल्टेज १.४५ दाखवतं. हे जास्त नाही का?

व्होल्टचा_वर्ग

नाही. मूळ सेटिंगवर एखादी कोअर क्षणभर ४.२ वर उडी मारते तेव्हा तेवढं व्होल्टेज जातं, करंट मात्र अगदी कमी असतो. तेच १.४५ हाताने कायमचं लावून सगळ्या कोअरवर लोड टाकला तर चिपचं आयुष्य कमी होईल. भावाने काही बदलू नये.

शेंगाचटणी

आता पुढच्या पंख्याला बाहेरून मच्छरदाणीची जाळी लाव, एकच पदर. दोन पदर लावले की हवाच आत जात न्हाई. दर रविवारी माग बंद असतात तेव्हा काढून धू, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नको.