समृद्धीवर मोठ्या इंजिनाची स्पोर्ट्स कार: १०० ने न्यायची की १२० ने?

सहावा गिअर (धागाकर्ता)

नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग ७०१ किमी, जून २०२५ पासून सलग खुला. कारला वेगमर्यादा १२०. या रस्त्यावर मायलेज वाढावं म्हणून लोक टायरमध्ये नायट्रोजन भरतात, निघायच्या आधी एअर फिल्टर बदलतात, टाकीत क्लीनरची बाटली ओततात. माझं म्हणणं असं की यातलं काहीही काट्यावरच्या २० किमीची बरोबरी करत नाही. १२० ऐवजी १०० धरा, बाकी सगळी चिल्लर.

हिशेबासाठी पाच लिटरचं व्ही८ घेऊ. माणसं आणि सामान धरून गाडी १८०० किलो, हवेचा गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ ०.७२ चौरस मीटर. नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या हवेची घनता साधारण १.०७ किलो प्रति घनमीटर. हवेचा विरोध ८० च्या वेगाला १९० न्यूटन, १०० ला २९७, १२० ला ४२८. १०० वरून १२० वर गेलात की वेग २० टक्के वाढतो आणि विरोध ४४ टक्के, कारण तो वेगाच्या वर्गाने चढतो. रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना होणारा विरोध, सुमारे २१२ न्यूटन, तो वेगाने फारसा हलत नाही. म्हणजे ८० ला टायर वरचढ आणि १०० च्या पुढे हवा.

गाडी स्पोर्ट मोडमध्ये सोडणं हाही पेट्रोल जाळण्याचाच प्रकार. बऱ्याच ऑटोमॅटिक त्या मोडमध्ये वरचा गिअर घेतच नाहीत. सपाटीवर नॉर्मल किंवा इको, क्रूझ लावलेला, काचा बंद. मागे नंतर बसवलेला मोठा विंग असेल तर तो ट्रॅकसाठी आहे, बुलढाणा जिल्ह्यासाठी नाही.

बर्डीवाला टर्बो

न्यूटनपर्यंत हिशेब बरोबर, पण पेट्रोल न्यूटनमध्ये मिळत नाही. ४४ टक्के हा आकडा ऐकून लोकांना वाटतं पेट्रोलही तेवढंच वाढलं. मोठ्या इंजिनात तसं होत नाही.

तुमच्याच गाडीला १०० वर चाकांशी लागतात १४ किलोवॅट, १२० वर २१. शेकडो किलोवॅटचं इंजिन आणि काम १४ चं. थ्रॉटल जेमतेम उघडलेला, त्यामुळे पिस्टन अर्धवट बंद दारातून हवा ओढत बसतो. ते पंपिंग, वर बेअरिंग, रिंगा आणि आठ सिलिंडरांचं घर्षण, असं मिळून १०० वर आठ-नऊ किलोवॅट इंजिनातच मुरतात. मे महिन्यात एसी आणि अल्टरनेटरचे आणखी दोन धरा. हे खर्च वेगाच्या वर्गाने वाढत नाहीत. एसी तर तासावर चालतो, म्हणजे गाडी जितकी हळू, तितका प्रत्येक किमीमागे त्याचा खर्च जास्त.

सगळं मिळवून शंभर किमीला अंदाजे असं निघतं: ८० ला ७.९ लिटर, १०० ला ८.८, १२० ला १०.१. अख्ख्या ७०१ किमीत १०० आणि १२० मधला फरक नऊ लिटरांचा. लिटरला १०५ रुपये धरा, हजाराच्या आत. त्यासाठी ७० मिनिटं जास्त बसायचं. ६१ लिटरच्या टाकीत १०० नेही आमणे गाठता येत नाही, सात-आठ किमी आधी टाकी कोरडी. पंपावर थांबायचंच आहे, मग १०० चा हट्ट कशाला?

सहावा गिअर

नऊ लिटर म्हणजे १३ टक्के. दुसरा एक उपाय दाखवा जो एकटा १३ टक्के देतो. फिल्टरचं म्हणाल तर अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मोजलं होतं: फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर तुंबला तरी मायलेजवर परिणाम नगण्य, मार बसतो तो पिकअपवर. हवा कमी आली की इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोलही कमी सोडतो. आपल्या धुळीत फिल्टर वेळेवर बदला, पण तो इंजिनाच्या आयुष्यासाठी.

पंपाबाबत: १२० ने टाकी ६०० किमीला संपते, म्हणजे ५०० च्या आत पंप शोधावा लागतो. १०० ने जवळपास ९० किमी जास्त मिळतात. जिथे पाहिजे ते पेट्रोल मिळतं तिथे थांबायची मोकळीक मिळते.

आणि वारा विसरू नका. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, मुंबईकडे जाताना तो थेट तोंडावर. समोरून २० चा वारा असेल तर १०० ला १२० चा विरोध लागतो. १२० ने निघालेल्याला १४० चा.

धंतोली एक्झॉस्ट

राजेहो, एवढी महागडी गाडी घेऊन हजार रुपयांचा हिशोब काहून करून राहिले? मायलेजच पायजे होतं तर डिझेल घ्यायची होती न.

टॉर्करेंच

धंतोलीभाऊ, प्रश्न हजाराचा नाही, मायलेज अचानक का पडलं हे कळण्याचा आहे. चांगल्या गाडीचं मायलेज दहावरून आठवर आलं तर वेगावर खापर फोडण्याआधी जॅक लावा.

चारही चाकं हवेत घेऊन हाताने फिरवा. महिन्यातून दोनदा गॅरेजबाहेर निघणाऱ्या गाडीत ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या गाइड पिना सुकतात, पॅड डिस्कला चाटून राहतो. दहा किमी चालवून, शेवटी ब्रेक फारसा न दाबता थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात धरा, टेकवू नका. एकच चाक भट्टीसारखं असेल तर चोर सापडला. पिना काढून पुसायच्या, रबर बूट फाटले असतील तर बदलायचे, आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावायचं. साधं चेसिस ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि महिनाभरात पिन पुन्हा अडकते.

मग अलाइनमेंट. स्पोर्ट्स कारला निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला) कंपनीतूनच असतो, त्याला हात लावू नका. बघायचा तो टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते. टो बिघडला की टायर रस्त्यावर तिरपा घासत जातो, मायलेज पडतं आणि आतली कड झिजते. ही कड उभ्याने दिसत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून आत हात घाला.

तिसरं, ऑक्सिजन सेन्सर. तो मंदावला की मिश्रण जाड होतं. चेक लाइट लागायच्या आधीच ओबीडी स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) सांगतो. अधिक-उणे पाचच्या आत ठीक, दहाच्या बाहेर गेला तर काहीतरी आहे.

टायरप्रेशरबद्दल मात्र धागाकर्त्याशी अर्धाच सहमत. मायलेजच्या दृष्टीने चिल्लर खरं, एक पीएसआयमागे ०.२ टक्के. पण नागपुरात प्रश्न वेगळा आहे. हवेचं तापमान साडेपाच अंश बदललं की प्रेशर एक पीएसआय बदलतं. दुपारी ४५ अंशांत ३३ भरून घेतलं तर पहाटे २८ अंशांना ते ३० वर आलेलं असतं, आणि तुम्ही पहाटेच निघता. कमी हवेचा टायर बगलेत जास्त वाकतो, वाकण्याने तापतो, वर सिमेंटचा रस्ता आणि १२० चा वेग. फुटतो तो असा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा आकडा थंड टायरचा असतो, तोच पहाटे भरा, पूर्ण लोडचा आकडा वेगळा असेल तर तो. वाटेत गरम असताना वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडू नका. मायलेजसाठी ४० भरणाऱ्यांना एवढंच सांगतो, रुंद टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. नायट्रोजनचं काय, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

टायर कधी बनला ते बगलेवरच्या चार आकड्यांत वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दिसायला नवा असला तरी दहा वर्षांचा टायर घेऊन समृद्धीवर जायचं नाही.

बर्डीवाला टर्बो

टॉर्करेंचशी वाद नाही. माझा वाद पेट्रोलवर आहे, त्याचा विषय इथे कोणी काढलाच नाही. साध्या पेट्रोलमध्ये लिटरला साधारण ३२ मेगाजूल, इथेनॉलमध्ये २१. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, २९.८ च्या आसपास, सात टक्के ऊर्जा टाकीत शिरायच्या आधीच गेली. इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेन भरा, वेग न कमी करता सात टक्के परत.

सहावा गिअर

सात टक्के परत मिळवायला दर दीडपट द्यायचा? खिशाच्या हिशेबाने हा तोटाच. आणि जुन्या ई१० शी तुलना केली तर फरक साडेतीन टक्के उरतो.

बर्डीवाला टर्बो

दर कबूल. पण टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात नुसते मेगाजूल मोजून भागत नाही. ई२० चं ऑक्टेन ९५ असतं, ९५ मागणाऱ्या गाडीला ते पुरे. ज्या गाडीच्या पुस्तकात ९८ लिहिलंय, ती ४५ अंशांत चढावर नॉक सेन्सरचं (अवेळी पेट घेतल्याचा ठोका ओळखणारा) ऐकून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेते, आणि टायमिंग मागे गेलं की तेवढ्याच पेट्रोलात काम कमी होतं. तिला १०० चा फायदा सात टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. बाकीच्यांनी भरू नये. भरायचं तर टाकी जवळपास रिकामी झाल्यावर भरा. अर्ध्या टाकीत मिसळलं तर निम्मं इथेनॉल तसंच राहतं आणि इसीयूला टायमिंग पुढे न्यायला धीर होत नाही. वाटेतल्या पंपावर १०० मिळेलच असं धरून निघू नका, शहरातूनच भरून घ्या.

कॅम्बर

दोघंही मोठ्या इंजिनाचं खरं औषध सोडून बोलताय. बर्डीवाल्यानेच सांगितलं की कमी लोडवर इंजिन वाया जातं. मग लोडवर चालवा: १०० पर्यंत जोमाने न्या, न्यूट्रल करा, ८० वर घरंगळू द्या, पुन्हा ओढा. कागदावर याच्यासारखं मायलेज दुसऱ्या कशात नाही.

टॉर्करेंच

कागदावरच. समृद्धीची डावी लेन ८० च्या ट्रकांची, मधली तुमच्या मागून १२० ने येणाऱ्यांची. त्यात दर मिनिटाला वेग २० ने खाली-वर करणारी गाडी म्हणजे मागच्याला कोडं. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिन बंद नसतं. पाच लिटरचं व्ही८ आयडलवर तासाला दीड लिटरच्या आसपास पितंच.

उतारावर तर न्यूट्रल सरळसरळ तोट्याचं. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की साधारण दीड हजार आरपीएमच्या वर इंजेक्टर पूर्ण बंद होतात, खर्च शून्य, आणि इंजिन गाडी धरून ठेवतं. इगतपुरीनंतरच्या उतारावर हेच करा. ज्या गाड्यांत कोस्टिंग आहे, उदाहरणार्थ पोर्शचा पीडीके हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्या क्लच कधी सोडायचा हे स्वतः ठरवतात. त्यात आपला हात नको.

आणि कोणी ट्रकच्या मागे चिकटायचं सुचवण्याआधीच सांगतो. फायदा दिसण्याइतकं जवळ जायचं तर ब्रेक मारायला जागा उरत नाही, आणि ट्रकच्या चाकातून सुटलेली गिट्टी थेट काचेवर येते.

बर्डीवाला टर्बो

कॅम्बरच्या सल्ल्यात टर्बोवाल्यांसाठी एक खड्डा आहे. मायलेजसाठी सहाव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर असताना चढ आला की लोक तिथेच पाय दाबतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बोत कमी आरपीएम आणि जास्त लोड म्हणजे ठिणगीआधीच पेट घेण्याचा धोका, पिस्टनची लँड (दोन रिंगांमधली कड) तुटते. चढाला एक गिअर खाली घ्या, २००० च्या वर ठेवा. ऑइल एपीआय एसपी दर्जाचं असू द्या, त्यात याच त्रासावर चाचणी आहे.

धंतोली एक्झॉस्ट

हाव, हे समजलं. पण मोजाचं कसं? माह्या मीटरवर तर नेहमी बाराच्या वर दाखवते, अन् पंपावर हिशोब दहाचा निघते.

सहावा गिअर

मीटर इंजेक्टर किती वेळ उघडला त्यावरून अंदाज करतं आणि बहुतेक गाड्यांत खुशामत करतं. पंपाचा हिशेब धरा, पण नीट. नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, गोल आकड्यासाठी पिळायचं नाही. पुढच्या वेळी तोच पंप, त्याच बाजूचं नोझल, गाडी तशीच उभी. किमी भागिले लिटर. पहाटे भरलं की पेट्रोल जास्त मिळतं हे सोडून द्या, जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. टायरचा साइज बदलला असेल तर आधी किमी जीपीएसशी ताडून घ्या.

आणि जातानाच्या आकड्यावर येतानाचा निकाल लावू नका. आमण्याहून इगतपुरीपर्यंत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे, तेवढ्याने लिटरभर जास्त जातं. जाता-येताची बेरीज करूनच भागाकार.

बर्डीवाला टर्बो

मग मोजूनच ठरवा. एक फेरी १०० ने, एक १२० ने, दोन्ही एकाच महिन्यात. जानेवारीत १२ अंशांची हवा मेपेक्षा बारा टक्के जड असते, एसी मात्र बंद. एक फेरी मेची आणि एक जानेवारीची घेतली तर तुमचे १३ टक्के कशातून आले ते कोणालाच कळणार नाही. आणि हिशेबात ती ७० मिनिटंही लिहा, तिकडच्या आणि इकडच्या मिळून १४० होतात.